मोठी मानमोडी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत. आजीचं आणि काकाजींचं बोलणं मात्र होतं तसंच ठेवलंय.)



आजचा भाग एका मेलेल्या कोंबडीपासून सुरू करतो. हसू नका. आपला इतिहास बहुतेक वेळा घरच्या अंगणातूनच सुरू होतो.

जानेवारी २०२५, शेवटचा आठवडा. मी गोंडपिपरीला घरी गेलो होतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, गोंडपिपरी हा चंद्रपूर जिल्ह्याचा दक्षिणेकडचा तालुका. एका अंगाला वर्धा नदी, दुसऱ्या अंगाला वैनगंगा. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा, आणि वर्धेच्या बाजूने पुढे गेलं की तेलंगणा. मधे धानाच्या बांध्या आणि जंगल.

त्या महिन्यात सगळीकडे एकच विषय होता. डिसेंबरच्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला: बर्ड फ्लू, एच५एन१. हे वाघ आमच्याच चंद्रपूर भागातून तिकडे नेलेले. त्यानंतर ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगली गावात कोंबड्या मेल्या आणि तिथेही बर्ड फ्लू निघाला. ब्रह्मपुरी म्हणजे आमच्याच जिल्ह्याचं दुसरं टोक.

आठवडी बाजारात गंमत बघा. निम्म्या लोकांनी चिकन बंद केलेलं. उरलेले निम्मे भाव उतरला म्हणून दुप्पट नेत होते. आमचे शेजारी काकाजी या दुसऱ्या गटातले. मला बघून म्हणाले, "काहाले भेतेस गा बाबू? कोरोना आला, गेला. आता कोंबडीचा आला. टीव्हीवाल्याईले काही ना काही पायजेच ना."

मी हसलो. पण संध्याकाळी तेच काकाजी अंगणात आले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक करून विचारलं, "अगा, सच्ची सांग. मानसाले होते का हे?"

मला वाटतं आजचा सगळा भाग या दोन वाक्यांमधल्या अंतरावर आहे. आपण समजतो की घाबरणारे वेगळे आणि थट्टा करणारे वेगळे. तसं नसतं. सकाळी थट्टा करतो तोच माणूस संध्याकाळी घाबरलेला असतो.

तर तिसऱ्या दिवशी सकाळी आईने खुराडं उघडलं. आमच्याकडे अकरा गावठी कोंबड्या. त्यातली एक आडवी पडलेली, मान पार पाठीकडे वळलेली. आजी ओट्यावर बसली होती. तिथूनच म्हणाली, "मानमोडी झाली असंन तिले."

आणि मी जागच्या जागी थांबलो.

एक शब्द, दोन आजार

मानमोडी. हा शब्द मी वाचला होता तो १९१८ च्या संदर्भात. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जगभर जी इन्फ्लुएन्झाची साथ आली, जिला पुढे 'स्पॅनिश फ्लू' म्हणाले, तिला महाराष्ट्रात मानमोडीची साथ म्हणायचे. ताप, अंग मोडून येणं, मान वर न उचलता येणं, म्हणून मानमोडी.

आणि कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा, मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग. त्यात खरोखरच कोंबडीची मान पिळल्यासारखी वळते. उत्तराखंडमधल्या राणीखेतला १९२० च्या दशकात तो ओळखला गेला म्हणून ते नाव. हा विषाणू फ्लूच्या विषाणूपेक्षा वेगळा आहे.

मी आजीला विचारलं, "आजी, मानमोडी माणसाला झालेली ऐकलीस का कधी?"

ती म्हणाली, "कोंबडीले होते ते लहान मानमोडी. मानसाले झाली होती ते मोठी मानमोडी. माह्या मायचा सारा घर त्यातच गेला."

पस्तीस वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. इतिहासावर बोलणारा माणूस मी, आणि घरातलाच इतिहास मला एका कोंबडीने सांगितला!

आजीची आई, म्हणजे माझी पणजी, तेव्हा सात-आठ वर्षांची. वैनगंगेच्या पलीकडचं गाव. आता तो गडचिरोली जिल्हा, पण तेव्हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ मध्ये. दसरा-दिवाळीच्या मधले दिवस. घरात आई, वडील, काका, काकू, आजी आणि दोन पोरं. पहिले वडील पडले. मग आई, ती दोन जिवांची होती. मग काकू. आठ दिवसांत तिन्ही गेले. पणजी आणि तिचा धाकटा भाऊ वाचले. तिच्या मामाने बंडीत घालून दोघांना नदीवर आणलं, डोंग्यात बसवून अलीकडे आणलं. म्हणून आम्ही नदीच्या या काठावर आहोत.

आजीचं एक वाक्य मी तसंच सांगतो. "माय म्हने, तापानं मेले ते मेले, बाकीचे पान्यावाचून मेले. सारेच पडले होते. पानी पाजाले मानूस नव्हता."

हे खरं कशावरून?

आता आपल्या कार्यक्रमाची सवय तुम्हाला माहीत आहे. घरातली आठवण ऐकली की ती तपासून बघायची. माझ्या घरातली म्हणून सूट नाही.

१९१८ ची साथ भारतात आली ती मुंबई बंदरातून. मे महिन्याच्या शेवटी सैनिक घेऊन आलेलं एक जहाज लागलं, आणि १० जूनच्या सुमारास गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. मुंबईचे आरोग्य अधिकारी टर्नर म्हणाले, साथ जहाजाने आणली. सरकारी बाजूने उत्तर आलं की नाही, जहाजावरच्या लोकांनाच ती मुंबईत लागली. म्हणजे रोग कुणाचा, यावरचा वाद पहिल्याच महिन्यात सुरू झाला होता.

आणि आता नीट ऐका. ही पहिली लाट सौम्य होती. पुष्कळ लोक आजारी पडले, कचेऱ्या ओस पडल्या, पण बहुतेक जण चार-पाच दिवसांत उठून कामाला लागले. जुलै संपेपर्यंत साथ ओसरली. सप्टेंबरमध्ये ती परत आली ती वेगळीच होऊन. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले. तिथून रेल्वेच्या वाटेने ती आत शिरली. आमच्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात तिचा कहर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाला. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती. 'दसरा-दिवाळीच्या मधे' ही पणजीची आठवण तंतोतंत जुळते.

पणजीची आई गरोदर होती. १९१८ च्या सगळ्या अभ्यासांत हे दिसतं की या फ्लूने म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं जास्त नेली, आणि गरोदर बायकांना तर फार मोठा धोका होता. भारतात पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. त्या घरातही म्हातारी आजी वाचली, तरणीताठी माणसं गेली.

आणि ते पाण्याचं? १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला होता. धान पोटरीला यायच्या वेळी पाणी नाही. महायुद्धामुळे भाव आधीच चढलेले. डॉक्टर तसेही कमी, त्यातले कितीतरी युद्धावर. फ्लूवर औषध नव्हतंच. फ्लूचा विषाणू माणसात सापडला तो १९३३ मध्ये. पण पाणी, पेज, पांघरूण आणि जवळ बसणारं कुणीतरी, एवढ्यावर बरीच माणसं तगतात. घरातले सगळे एकदम पडले की तेवढंही राहत नाही. आजीचं वाक्य हळहळ म्हणून बोललेलं असेल, पण ते नेमकं आहे.

एका बाबतीत मात्र मी आठवणीवर भरवसा ठेवत नाही. आमच्याकडे ओसाड पडलेल्या जुन्या गावठाणाला 'रीठ' म्हणतात. जंगलात जाताना कुणी ना कुणी बोट दाखवतं, "हा रीठ मानमोडीतला." असेलही. पण गावं उठायला इतर कारणंही होती: १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, पाण्याची टंचाई, देवी, पटकी. लोकांच्या आठवणीत शेवटचं आणि सगळ्यात मोठं संकट आधीची सगळी संकटं गिळून टाकतं. सगळी रिठं मानमोडीच्या खाती टाकणं बरोबर नाही.

तसंच गांधीजींचं. १९१८ च्या फ्लूवर काहीही वाचायला घ्या, गांधीजींनाही तो झाला होता असं लिहिलेलं सापडतं. त्या वर्षी ते फार आजारी होते हे खरं, पण ते ऑगस्टमध्ये, आणि आजार होता आमांशाचा. फ्लूने गेली ती त्यांची मोठी सून गुलाब आणि तिचा लहान मुलगा. एवढं मोठं दुःख बाजूला राहतं आणि चुकीची गोष्ट पुढे जाते. म्हणजे खोट्या गोष्टी फक्त 'काही होत नाही' म्हणणारे पसरवतात असं नाही. भीतीच्या बाजूनेही त्या पसरतात.

मेलेले कोण मोजतं?

किती माणसं गेली? इथे गोष्ट जरा किचकट आहे, पण थांबा, कामाची आहे.

आमच्या प्रांतात गावातला जन्ममृत्यू कोतवाल ठाण्यात जाऊन सांगायचा. कारणाच्या रकान्यात बहुतेकांपुढे एकच शब्द पडायचा: ताप. मलेरियाचाही ताप, फ्लूचाही ताप. आणि साथीत कोतवालच पडला तर? मग त्या गावात कागदावर कुणी मेलंच नाही.

१९१९ मध्ये भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी पहिला अंदाज मांडला: ब्रिटिश भारतात ५० लाख आणि संस्थानांत १० लाख, मिळून ६० लाख. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा कळलं की माणसं त्याहून कितीतरी जास्त गायब आहेत. आकडा दुपटीवर गेला. पुढच्या संशोधकांनी तो १ कोटी २० लाख ते २ कोटी असा धरला. २०१२ मधल्या एका अभ्यासात १ कोटी ४० लाखांच्या आसपास येतो. जगात सर्वाधिक मृत्यू भारतात झाले, आणि भारतात ज्या प्रांतांचा मृत्युदर सगळ्यात वर होता त्यात आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटलेलं एकच दशक आहे: १९११ ते १९२१.

म्हणजे ज्या वर्षी लोक मरत होते त्या वर्षी सरकारलाही अर्ध्याहून अधिक मेलेले दिसले नाहीत. माझ्या पणजीचे आई-वडील ६० लाखांत होते की नंतर सापडलेल्या लाखांत, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

हे फक्त तेव्हाचं नाही बरं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या दोन वर्षांत भारतात ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. सरकारी आकडा तेव्हा त्याच्या दशांशाच्या आसपास होता, आणि सरकारने संघटनेची मोजण्याची पद्धतच अमान्य केली. वाद अजून मिटलेला नाही. मग काकाजींनी कोणता आकडा खरा मानायचा?

'काही होत नाही' कुठून येतं?

शहाण्या माणसांचा एक आवडता समज असतो की खेड्यातले लोक अडाणी म्हणून विश्वास ठेवत नाहीत. मला ते पटत नाही. अविश्वासालाही इतिहास असतो.

१८९७. पुण्यात प्लेग. साथरोग कायदा त्याच वर्षीचा. रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेऊ लागले, बायामाणसांना रस्त्यावर आणून तपासू लागले, सामान जाळू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. या सगळ्यातून लोक शिकले की साथीचं नाव काढून सरकार घरात शिरतं. आणि सरकार शिकलं की साथीत लोकांच्या अंगाला हात लावायचा नाही.

मग १९१८ आलं, आणि सरकार खरंच बाजूला राहिलं. जोरजबरदस्ती नाही, पण मदतही फारशी नाही. शहरांत सेवाभावी संस्था, तरुण मंडळं, जातीजमातींचे फंड धावले. मुंबई-पुण्यात त्यांनी मोठं काम केलं. खेड्यात कोण येणार? वर्तमानपत्रांनी तेव्हाच विचारलं होतं की माणसं मरत असताना अधिकारी थंड हवेच्या ठिकाणी कसे. वीस वर्षांच्या अंतराने लोकांनी सरकारची दोन रूपं पाहिली, घरात घुसणारं आणि फिरकतच नसणारं. यातल्या कोणत्या रूपावर विश्वास ठेवायचा?

आता जवळचं बघू. फेब्रुवारी २००६, नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो तिथे. कुक्कुटपालनाचं मोठं केंद्र. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. देशभर चिकन खाणं थांबलं. पण नवापुरात एकाही माणसाला बर्ड फ्लू झाल्याचं सिद्ध झालं नाही. शेतकऱ्यांच्या मनात काय उरलं? 'माणूस एक नाही मेला, आम्ही मात्र मेलो.'

ऑगस्ट २००९, पुणे. स्वाइन फ्लूचा भारतातला पहिला मृत्यू, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. त्या आठवड्यात पुण्यात असलेल्या कुणालाही विचारा. नायडू रुग्णालयापुढच्या रांगा, तोंडाला रुमाल, शाळा बंद, सिनेमागृहं बंद. आणि वर्षभराने, ऑगस्ट २०१० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने साथ संपल्याचं जाहीर केलं. भीती दाखवली होती तेवढं काही घडलेलं नव्हतं. युरोपात तर त्याआधीच ओरड झाली होती की लसकंपन्यांच्या भल्यासाठी हा बागुलबुवा उभा केला.

अमेरिकेतही हे एकदा होऊन गेलेलं. १९७६ मध्ये एका लष्करी छावणीत स्वाइन फ्लू सापडला, १९१८ परत येणार म्हणून घाईने चार कोटींहून जास्त लोकांना लस टोचली. साथ आलीच नाही. उलट लसीनंतर काहींना पक्षाघातासारखा आजार झाला आणि मोहीम थांबवावी लागली.

म्हणजे 'लांडगा आला रे आला' झालं म्हणायचं का?

मला ही गोष्ट इथे लागू करताना दोनदा विचार करावासा वाटतो. गोष्टीतला पोरगा खोटं बोलत होता. २००९ मध्ये कुणी खोटं बोललं नव्हतं. लांडगा आला होता, फक्त वाटला त्यापेक्षा लहान निघाला. आणि तोही किती लहान? प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू जगभरात साडेअठरा हजार. नंतर शास्त्रज्ञांनी अंदाज काढला तो दीड लाख ते पावणेसहा लाख. परत तेच! साथ चालू असताना दिसतात ते थोडे, सापडतात ते नंतर.

आणि त्या गोष्टीचा शेवट आपण विसरतो. शेवटी लांडगा येतोच. १९१८ च्या जुलैत 'चार दिवसांचा ताप' म्हणून हसणारे लोक चुकीचे नव्हते. त्यांनी पाहिलेला ताप खरंच चार दिवसांचा होता.

मग काकाजींना काय सांगितलं?

एच५एन१ बद्दल जे माहीत आहे ते मी त्यांना साधं सांगितलं. २००३ पासून जगात नऊशेहून अधिक माणसांना झाल्याची नोंद आहे, आणि त्यातले जवळपास निम्मे दगावले. भारतात २०२१ मध्ये हरियाणाचा एक लहान मुलगा दिल्लीत गेला. म्हणजे माणसाला होतो, पण फार क्वचित. बहुतेकांचा आजारी पक्ष्यांशी संबंध आलेला. माणसाकडून माणसाकडे तो सहज जात नाही. आज जात नाही. शास्त्रज्ञांची काळजी एवढीच की विषाणू बदलत राहतो. २०२४ मध्ये तो अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये शिरला. आणि चिकन नीट शिजवलं, आतपर्यंत ७० अंशांच्या वर गेलं, तर विषाणू मरतो. आपल्या रश्श्यात त्याचा टिकाव लागत नाही.

काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग खुराड्याकडे बघून म्हणाले, "हे मेली ते पुरून टाक. कोनाले सांगू नको."

"का जी?"

"अगा, तू सांगशीन, गाडी येईन, साऱ्या गावाच्या कोंबड्या मारतीन. तुह्या मायच्या दहा, माह्या वीस. त्या म्हातारीच्या पाच, तिले तेवढाच आधार. मंग तू जाशीन नागपूरले. आमी रायतो अथीच."

मंडळी, मला उत्तर देता आलं नाही. कारण यात अडाणीपणा काहीच नव्हता, हिशोब होता. नियम असाच आहे: बर्ड फ्लू सिद्ध झाला तर एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारतात, दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवतात. मारलेल्यांची भरपाई मिळते, पण आधीच मेलेल्यांची नाही. आणि भरपाई हातात येईपर्यंत घरातलं मीठ-मिरची कशावर चालणार, हा प्रश्न उरतोच. आपण शहरात बसून 'लोक विश्वास ठेवत नाहीत' म्हणतो. पण काकाजींना बातमीवर शंका नव्हती. त्यांची शंका ही होती की बातमी खरी निघाली तर तिची किंमत कोण मोजणार.

रात्री मी आजीला विचारलं, काय करू. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोठ्या मानमोडीत सांगाले कोनी नव्हता, आन सांगाव तं कोनाले, तेबी नव्हता."

सकाळी मी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला. आईला आधी विचारलं. कोंबड्या तिच्या, धोका तिचा. ती म्हणाली, कर.

डॉक्टर आले. त्यांनी बाकीच्या दहा पाहिल्या, धडधाकट होत्या. म्हणाले, मान वळली आहे, हिरवी हगवण आहे, राणीखेत असावा. पण नुसतं बघून खात्री देता येत नाही, दोन्ही रोगांची लक्षणं एकमेकांत मिसळतात. नमुना घेतला. तो आधी पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत, तिथे शंका आली तर भोपाळला, असा प्रवास. कोंबडी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली. उरलेल्यांना बाहेर सोडू नका म्हणाले.

पुढचे दिवस वाईट गेले. गल्लीत कुणी काही बोललं नाही, पण आमच्या दारावरून जाताना लोक खुराड्याकडे बघायचे. पाच कोंबड्यांच्या म्हातारीने आईशी बोलणं सोडलं. आई रोज सकाळी खुराडं उघडायच्या आधी थोडी थांबायची, ते मला दिसायचं.

मग फोन आला. बर्ड फ्लू नव्हता. राणीखेतच. लहान मानमोडी.

काकाजी जिंकले! "मी म्हनलं नव्हतं का?" हे वाक्य मी त्या आठवड्यात निदान आठ जणांच्या तोंडून ऐकलं. म्हणजे बघा, माझ्याच घरातून एक खोटा इशारा गावात गेला. पुढच्या वेळी मी काही सांगितलं तर माझ्यावर विश्वास थोडा कमी बसेल. २००६ आणि २००९ नंतर जे देशाचं झालं, ते आमच्या गल्लीत चार दिवसांत झालं.

तरीही मला फोन केल्याचा पश्चात्ताप नाही. फुकट गेलेला इशारा ही साथ ओळखण्याची किंमत आहे. दहा वेळा राणीखेत निघेल तेव्हा कुठे अकराव्या वेळी दुसरं काही निघेल, आणि ते अकरावं कोणतं हे आधी कुणालाच कळत नाही. फक्त ही किंमत दरवेळी पाच कोंबड्यांवर जगणाऱ्या म्हातारीने मोजायची नसते. ती कुणी मोजायची हे जोवर ठरत नाही, तोवर लोक मेलेली कोंबडी गुपचूप पुरत राहणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

तो डॉक्टर जाताना राणीखेतची लस देऊन गेला. आईने म्हातारीच्या पाचही कोंबड्यांना ती द्यायला लावली. त्यानंतर त्या दोघी बोलू लागल्या.

काकाजी अजूनही थट्टा करतात. मी गेलो की विचारतात, "काय बाबू, आता कशाचा येऊन रायला?" पण मागच्या महिन्यात त्यांनी आईकडून त्या डॉक्टरचा नंबर मागून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही.

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरात मानमोडीची आठवण असेल, नाव वेगळं असेल, गाव कुठलंही असेल, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि फोनवर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. आजी आता सत्त्याऐंशीची आहे. तिच्या आईने सांगितलेलं तिने मला सांगितलं, तेही कोंबडी मेली म्हणून. सरकारच्या वहीत 'ताप' एवढंच लिहिलेलं आहे. बाकीचं या म्हाताऱ्यांजवळच आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.